गाडी तो चालवत नव्हता

त्या रात्री माझा धाकटा भाऊ स्टिअरिंगवर नव्हता, शेजारच्या सीटवर होता. गाडी त्याच्या नावावर, चालवत होता त्याचा मित्र, आणि दोघंही प्यायलेले. मागे आणखी दोन मित्र. एका वळणावर त्यांच्या गाडीने दुचाकीला धडक दिली आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसाच्या पायाचं हाड मोडलं. अपघात काही क्षणांत झाला. त्यामागून सुरू झालेलं प्रकरण अजून चालू आहे.

पोलीस ठाण्यापासून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत मी भावाबरोबर फिरते आहे. या काळात भेटलेल्या नातेवाइकांचा, ओळखीपाळखीच्यांचा, शिकल्यासवरलेल्यांचाही समज एकच दिसला: दारू पिऊन गाडी चालवली तर सापडतो तो ड्रायव्हर, बाकीचे सुटतात. भावालाही अगदी मनापासून तसंच वाटत होतं. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, "ताई, मी तर नुसता बसलो होतो गं." तेव्हा माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून लिहिते आहे.

मी पोहोचले तेव्हा मित्राची ब्रेथ अॅनालायझरची चाचणी झाली होती आणि त्याला सरकारी रुग्णालयात नेण्याची तयारी चालली होती. ठाणे अंमलदार घाईत होते. घाईचं कारण नंतर वकिलांकडून कळलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली, म्हणजे नशेत गाडी चालवल्याबद्दल, अटक केली, तर अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते. ती झाली नाही तर माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. ही सोय कलम 202 मध्ये आहे. आरोपीला उगाच अडकवून ठेवता येऊ नये म्हणून ती आहे, पण पुरावा वेळेत गोळा व्हावा यासाठीही तिचा मोठा उपयोग आहे, कारण रक्तातलं अल्कोहोल दर तासाला उतरत जातं.

रुग्णालयात आम्ही मागोमाग गेलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी आधी छापील फॉर्म भरायला घेतला. तोंडाला वास येतो का, बोलणं अडखळतं का, सरळ चालता येतं का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत. मग रक्त काढलं. नेहमीसारखा स्पिरिटचा बोळा त्यांनी वापरला नाही. दुसऱ्या द्रावणाने त्वचा पुसली, कारण स्पिरिटचा अंश नमुन्यात गेला तर उद्या कोर्टात त्यावरच बोट ठेवलं जाईल. बाटलीत सोडियम फ्लोराइड असतं, त्यामुळे नमुना आंबत नाही आणि अल्कोहोलचं प्रमाण बदलत नाही. बाटलीवर लेबल, सही, लाखेचं सील. ती न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते आणि तिथून येतो तो सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. पुढे सगळ्या कोर्टकचेरीत हे दोन शब्द मला इतक्यांदा ऐकू आले की घरच्या माणसाचं नाव घ्यावं तसे ते आमच्या बोलण्यात आले.

त्याच कॅज्युअल्टीत, पडद्यापलीकडे, जखमी माणूस होता. त्याची बायको बाहेर उभी होती. तिच्या हातात नवऱ्याची चप्पल होती, एकच. मी कोण हे सांगायला मला जड गेलं, पण सांगितलं. ती माझ्यावर ओरडली नाही. तिने विचारलं, "ताई, ऑपरेशन आजच करतील का? सकाळी मुलाला शाळेत सोडायला कुणी नाही." मी तिच्याजवळ बसले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, पायात रॉड टाकला. त्या खर्चाची जबाबदारी आम्ही त्याच रात्री उचलली, आणि ते कर्तव्यच होतं. पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यात अनेकांची गल्लत होते: जखमीचा दवाखाना केला म्हणून गुन्हा मिटत नाही. जखमीने कोर्टात तडजोड मान्य केली तरी कलम 185 तसंच उभं राहतं. ते जागेवर दंड भरून मोकळं होण्याच्या यादीतच नाही. सिग्नल तोडल्याचं चलान मोबाइलवर भरता येतं, याचं येत नाही. दंडाधिकाऱ्यासमोर उभं राहावंच लागतं.

पहाटेपर्यंत फोन सुरू झाले. आमच्या एका काकांनी जे सुचवलं ते ऐकून मी हादरले. त्यांच्या माहितीतला एक पगारी ड्रायव्हर होता, तो "गाडी मीच चालवत होतो" म्हणायला तयार होईल, त्याला पैसे द्यायचे, पोरांचं आयुष्य वाचेल. काकांचा हेतू वाईट नव्हता, ते घाबरले होते. पण मी ठाम नाही म्हटलं, आणि बाबा माझ्या बाजूने उभे राहिले. खोटी माहिती देऊन गुन्हेगाराला वाचवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात पोर्श गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली होती. आरोपीला वाचवण्याच्या धडपडीत आणखी किती माणसं आरोपी होऊ शकतात, ते तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमच्या घरात ही चर्चा पाच मिनिटांत थांबली याचं मला आजही समाधान आहे.

जामीन ठाण्यातच झाला. लावलेली कलमं जामीनपात्र होती, म्हणून. जामीनदार मी. आधार, रेशनकार्ड, पगाराची चिठ्ठी, हमीपत्रावर सह्या. भावाचा जामीन करायचाय हे ऐकूनच मी चमकले होते, कारण तोवर माझ्याही मनात तो साक्षीदारच होता.

एफआयआरची प्रत हातात आली तेव्हा खरा धक्का बसला. मित्रावर भारतीय न्याय संहितेचं कलम 281, म्हणजे बेदरकार वाहन चालवणं, आणि 125(ब), म्हणजे तशा कृतीने गंभीर दुखापत. दुसऱ्या कलमाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं 184, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, आणि 185. आणि खाली आरोपी क्रमांक दोन म्हणून माझ्या भावाचं नाव, त्याच्यापुढे कलम 188.

188 हे कलम तीन ओळींचंही नाही. धोकादायक पद्धतीने, नशेत, किंवा शरीर-मन धड नसताना गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा, म्हणजे चिथावणी किंवा मदत, देईल, त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. म्हणजे 185 ची जी शिक्षा ड्रायव्हरला, तीच त्यालाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे आकडे 2019 च्या दुरुस्तीनंतरचे. त्याआधी दंडाची रक्कम दोन आणि तीन हजार होती, म्हणून जुन्या आठवणींवर सल्ला देणारे अजूनही "दोन हजारांत सुटेल" म्हणतात.

आमच्या वकील मॅडम फौजदारी आणि अपघाताचे दावे अशी दोन्ही कामं बघतात. त्यांनी भावाला समोर बसवून सरळ विचारलं, "चावी कुणी दिली?" त्याने दिली होती. "देताना काय म्हणालास?" तो गप्प. मग त्यांनी मागच्या सीटवरच्या एका मित्राच्या जबाबातलं वाक्य वाचून दाखवलं. पार्किंगमध्ये भावाने चावी पुढे केली आणि म्हणाला, "तू चालव, तू माझ्यापेक्षा कमी प्यायलायस."

मॅडमनी आम्हाला फरक समजावून सांगितला, तो मी इथे त्यांच्यासारखाच मांडायचा प्रयत्न करते. प्यायलेल्या माणसाच्या गाडीत नुसतं बसणं म्हणजे अपप्रेरणा नव्हे. कायद्याला त्यासाठी काहीतरी कृती लागते: चिथावणी, संगनमत किंवा जाणूनबुजून केलेली मदत. तो प्यायलाय हे ठाऊक असताना गाडीच्या मालकाने स्वतःच्या हाताने चावी देणं ही मदत ठरू शकते. आणि "तू कमी प्यायलायस" या वाक्यात ठाऊक असल्याची कबुली आहे. त्यातून कमी-जास्त हा हिशेब कायद्यात नाहीच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, ही मर्यादा सगळ्यांना सारखी. पुढे सीए रिपोर्ट आला तेव्हा "कमी प्यायलेल्या" मित्राचं प्रमाण त्याच्या तिपटीच्या आसपास निघालं.

एका गाडीत चौघं होते आणि चौघांची कायद्यातली जागा वेगळी झाली. चालवणारा आरोपी क्रमांक एक. मालक आरोपी क्रमांक दोन. मागे एकजण गाडी निघण्याआधीच झोपला होता. त्याचा जबाब घेतला, पण त्याला काही दिसलंच नव्हतं. आणि चौथा, ज्याच्या जबाबात ते वाक्य आहे, तो त्या रात्री न प्यायलेला एकटाच होता. त्याला गाडी येत नव्हती. "रिक्षा करू या" असं तो दोनदा म्हणाला होता, हेही त्याच्या जबाबात आहे आणि पार्किंगच्या रखवालदाराने त्याला दुजोरा दिलाय. अपघातात त्याचंही मनगट दुखावलं. भाऊ सुरुवातीला त्याच्यावर फार चिडला होता, मित्र असून विरोधात बोलला म्हणून. मी भावाला एवढंच म्हटलं की त्याने खरं सांगितलंय, आणि त्या गाडीतल्या चौघांत शुद्धीवर असलेल्या माणसाचं तुम्ही ऐकलं नाहीत. तो राग आता ओसरलाय.

मॅडमनी अजून एक गोष्ट सांगितली, जिने माझी त्या रात्रीची झोप गेली. दुचाकीवरचा माणूस दगावला असता तर 125 च्या जागी 106 लागलं असतं, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि पोलिसांनी वा कोर्टाने ठरवलं असतं की या अवस्थेत गाडी चालवल्याने कुणी मरू शकतं याची चालवणाऱ्याला जाण होती, तर कलम 105, सदोष मनुष्यवध. तो अजामीनपात्र. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर 2006 मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाचीच तीन वर्षांची शिक्षा कायम केली. तोपर्यंत "चुकून झालं" म्हणत नजरचुकीच्या कलमावर भागायचं, त्या विचाराला तिथे मोठा धक्का बसला. रॉड टाकलेल्या त्या पायाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. फूटभर इकडे-तिकडे झालं असतं तर?

आरटीओची बाजू तुलनेने सरळ होती. पोलिसांनी मित्राचं लायसन्स जागेवरच जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवलं. 2019 च्या दुरुस्तीने त्यांना हे करावंच लागतं. सुनावणीची नोटीस आली, त्याने आपलं म्हणणं मांडलं, आणि पहिला गुन्हा म्हणून तीन महिन्यांसाठी तो अपात्र ठरला. दुसऱ्यांदा असं झालं तर लायसन्स रद्दच होतं. तीन महिने संपले की कार्ड आपोआप परत मिळत नाही, चालकांसाठीचा उजळणी अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो फिरतीच्या नोकरीवर होता. बाकी काय झालं असेल ते कळतंच.

भावाचं लायसन्स गेलं नाही, पण त्याला वेगळीच ठेच लागली. कंपनी त्याला परदेशी प्रकल्पावर पाठवणार होती आणि पासपोर्टची मुदत संपत आली होती. कोर्टात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टसाठी त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते. अर्ज करा, सरकारी वकिलांचं म्हणणं येऊ द्या, आदेश घ्या. परवानगी मिळाली, पण ती हातात पडेपर्यंत प्रकल्पावर दुसरा माणूस गेला होता. "नुसता बसलो होतो" हे वाक्य त्यानंतर मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

आता विमा. या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण इथे मालक-प्रवासी म्हणून भावाची जबाबदारी ड्रायव्हरपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त जड होऊ शकते.

गाडी पंचनामा होऊन ठाण्याच्या आवारात उभी होती. मोटार वाहन निरीक्षकांनी येऊन ब्रेक वगैरे तपासले आणि यांत्रिक दोष नसल्याचा अहवाल दिला. म्हणजे "ब्रेक लागले नाहीत" ही वाट बंद. कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, गाडी सोडवली. दुरुस्तीचा दावा विमा कंपनीने नाकारला, कारण पॉलिसीतच लिहिलेलं असतं की चालक नशेत असेल तर गाडीच्या नुकसानीची भरपाई नाही. आम्ही वाद घालायचा विचार केला होता, पण मॅडमनी 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. श्वास किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली, तरी परिस्थितीवरून नशा सिद्ध होत असेल तर कंपनी असा दावा नाकारू शकते. आमच्याकडे तर चाचणी झालेली होती. तो खर्च आम्ही सोसला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

जखमी माणसाचा दावा ही वेगळी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट. त्यांनी न्यायाधिकरणात अर्ज केला तो तिघांविरुद्ध: चालक, मालक आणि विमा कंपनी. त्यांना वकील लवकर मिळावा म्हणून आम्हीच धावपळ केली. समोरच्या पक्षाला मदत कसली करता, असं काहींनी विचारलं. मला ते समोरचे कधी वाटलेच नाहीत. कमावता हात महिनोन्महिने घरात बसला, मुलाच्या शाळेची फी थकली, बायकोने शिवणकाम सुरू केलं. हे सगळं माझ्या भावाच्या गाडीमुळे.

2022 च्या एप्रिलपासून कायद्यात जी नवी रचना आली, तिच्यानुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, म्हणून प्रकरणाची नोंद आधीच तिथे होती. त्याच रचनेत कलम 150 आलं आणि त्यात विमा कंपनीच्या बचावाच्या कारणांमध्ये नशेत गाडी चालवणं हे स्पष्ट शब्दांत घातलं गेलं. आमच्या प्रकरणात कंपनीने लेखी म्हणणं दाखल केलं ते याच मुद्द्यावर: अट मोडली आहे, आम्ही जबाबदार नाही.

अशा वेळी न्यायाधिकरणं पुष्कळदा काय करतात, तर कंपनीला सांगतात की आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. जखमीच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, त्याने दोघांच्या भांडणात उपाशी का राहावं? पण "मालकाकडून वसूल करा" याचा अर्थ आमच्या घरी असा की ती सगळी रक्कम, उपचार, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व, पुढचा त्रास, व्याजासकट, माझ्या भावावर येऊ शकते. चालवणाऱ्यावर येतेच, मालक म्हणूनही येते. आपण गाडी दुसऱ्याला दिली होती, अट त्याने मोडली, असं म्हणून मालक बाजूला होऊ शकतो का? सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये लायसन्सच्या वादांत म्हटलं होतं की मालकाने स्वतः जाणूनबुजून अट मोडली हे कंपनीने सिद्ध करावं. एखाद्याने घरच्या ड्रायव्हरला शुद्धीत असताना गाडी दिली आणि तो बाहेर जाऊन प्यायला, तर त्या मालकाला या तत्त्वाचा आधार घेता येईल. पण जो मालक स्वतः प्यायलेल्या मित्राला चावी देऊन शेजारी बसतो, त्याला "मला माहीत नव्हतं" कसं म्हणता येईल? कंपनीच्या वकिलांनी चौथ्या मित्राच्या जबाबाची प्रत म्हणूनच मागवून घेतली आहे. फौजदारी खटल्यात जे वाक्य 188 साठी वापरलं जातंय, तेच इथे वसुलीसाठी वापरलं जाणार.

त्या मित्राला मनगटाच्या दुखापतीचा दावा करता येतो, हेही मॅडमनी त्याला आमच्यासमोर सांगितलं. भावाची पॉलिसी पॅकेज होती, तिच्यात गाडीतल्या प्रवाशांचीही जोखीम धरलेली असते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असती, तर खाजगी गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाला विमा कंपनीकडून मिळण्याची आशा जवळपास नव्हतीच. हे माहीत नसल्यामुळे किती जखमी प्रवासी गप्प बसत असतील! त्याने अजून दावा केलेला नाही. मी त्याला करायला सांगितलंय. कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातली आहे, हेही कानावर घातलंय.

फौजदारी खटल्यात दोषारोपपत्र दाखल झालंय. मित्राला गुन्हा कबूल करायचा आहे आणि त्याच्या वकिलांनी त्याला त्याचे परिणाम लिहून दिलेत. भावाने कबुली द्यावी की खटला लढवावा, यावर घरात दोन मतं आहेत. मी माझं मत सांगितलंय आणि निर्णय त्याच्यावर सोडलाय. दुचाकीवरचे ते जखमी गृहस्थ आता काठी घेऊन चालतात. सिव्हिल सर्जनच्या मंडळाकडून अपंगत्वाचं प्रमाणपत्र यायचं आहे. ते दाखल झालं की न्यायाधिकरणात त्यांची साक्ष होईल, मग डॉक्टरांची, आणि मग माझ्या भावाची.